किरकोळ कारणावरून

एकही शब्द कापलेला नव्हता. संघदीपनं बातमी एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली, तिसऱ्या वेळी ओळींखाली अंगठ्याचं नख सरकवत वाचली. अकरा वर्षं तो दिग्रसहून या पेपरला बातम्या पाठवत होता आणि अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. यवतमाळच्या कार्यालयात बसलेली माणसं त्याची बातमी कापायचीच. कधी शेपूट जायचं, कधी पोट, कधी नुसतं गावाचं नाव आणि एक आकडा उरायचा. मग तो सकाळी सकाळी इथं एसटी स्टँडवर, पहिल्या गाडीतून उतरलेल्या गठ्ठ्यांशेजारी उभा राहून, उरलेल्या चार ओळींत आपलं काय शिल्लक आहे ते शोधत बसायचा. आज सगळं होतं. त्याचा स्वल्पविराम होता. त्याचा 'व' होता, त्याचा कोणी 'आणि' केला नव्हता. मथळा तेवढा त्यांचा, मथळा नेहमी तेच देतात: 'लिंबू झोंबले, फायनल उधळली'. त्याखाली बारीक अक्षरात 'जेतवनच्या समर्थकांचा धुडगूस'. आणि त्याखाली तो स्वतः.

दिग्रस, ता. १८ (वार्ताहर) : येथील जिनिंगच्या मैदानावर सुरू असलेल्या हंगाम चषक फुटबॉल स्पर्धेचा जेतवन विरुद्ध नवयुग हा अंतिम सामना, मध्यंतरात लिंबाच्या फोडी वाटण्याच्या किरकोळ कारणावरून जेतवनचे खेळाडू व समर्थक संतप्त झाल्याने अर्ध्यावरच थांबवावा लागला. मंडपातील खुर्च्यांची मोडतोड झाली. सुदैवाने कोणीही जखमी झाले नाही.

सुदैवाने. तेही त्याचंच.

"पाह्यलं का काका, कशी माती खाल्ली यवतमाळवाल्यायनं?"

मागून धम्मदीप आला होता, त्याच्या वारलेल्या भावाचा मुलगा, जेतवनचा कप्तान. मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला होता आणि त्याच्या बोटांना तांब्याच्या तारेचे बारीक चरे पडलेले असायचे. त्याच्याबरोबर टीममधले चौघे-पाच जण. सगळ्यांच्या हातात तोच पेपर, तेच पान. संघदीपनं आपल्या हातातला पेपर घडी केला, आणखी एक घडी केली.

"नवयुग जिंकते तवा फोटो," धम्मदीप म्हणाला. "आपण जिंकलो का दोन ओळी, त्याबी शोकसभेच्या खाली. आन आता जिंकलो नाही, हरलो नाही, तं डायरेक्ट पह्यल्या पानावर. किरकोळ म्हणते. त्या टेबलावर बसेल माणसाच्या हातावर टाका म्हणा कोणीतरी वरून फोड. मंग पाहू किरकोळ."

"त्याले लिंबूच झोंबलेलं दिसते," एक जण म्हणाला आणि कोणी हसलं नाही.

"किसनरावानं बारा वाजता मीटिंग ठेवली. तीन वर्षं बंदी घालून राह्यले म्हणते आपल्यावर. हाच पेपर समोर ठेवून." धम्मदीप जवळ आला. "काका, तुमच्यापाशी कार्बन कॉपी असते नं?"

"असते," संघदीप म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि मग त्याला कळलं की तो गेला. असते. फाईलमध्ये असते, तारखेप्रमाणे असते. पाठवलेलं किती आणि छापलेलं किती हे ताडून बघायला तो प्रत्येक बातमीखाली कार्बन ठेवायचा. साऱ्या मोहल्ल्याला ते माहीत होतं. काकाजवळ दिग्रसचं सगळं खरं आहे, पेपरात येते ते उरलेलं, असं पोरं म्हणायची आणि त्याला ते ऐकायला बरं वाटायचं.

"मंग झालं तं," धम्मदीप म्हणाला. "तुम्ही काय लिहिलं आन त्यायनं काय छापलं, दोन्ही किसनरावाच्या टेबलावर ठेवू. बंदी कशी घालते पाहू. मंग यवतमाळले जाऊ, पेपरच्या हापिसासमोर बसू. मी येतो अकरा वाजता घरी."

पोरांनी स्टँडच्या कोपऱ्यात पेपरांचा ढीग केला. उद्यापासून आपल्या मोहल्ल्यात हा पेपर येणार नाही, असं कोणी जोरात म्हणालं. एकानं काडी लावली. कोणीतरी म्हणालं, राशिभविष्याचं पान राहू दे बे, मायले लागते, आणि ते पान खरोखरच ओढून काढलं गेलं. पेपर नीट जळत नव्हता. वरची पानं काळी होऊन उचलली जायची आणि खाली घडीत बातम्या कोऱ्या करकरीत पडून असायच्या. संघदीप बघत राहिला. ते काय जाळत होते ते त्याला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं, आणि एवढ्या एका गोष्टीमुळे तो त्यांच्यापासून हजार कोस दूर उभा होता. धूर मात्र त्याच्याच अंगावर येत होता.

काल. कालचा दिवस तो चालता चालता पुन्हा उलगडायला लागला. साडेचारची यवतमाळ गाडी, इथून सुरुवात. बातमीचा लिफाफा त्या गाडीच्या कंडक्टरजवळ द्यायचा, लखीराम कंडक्टर तो तिकडे स्टँडवर पेपरच्या माणसाच्या हातात ठेवणार. गाडी गेली की दिवस गेला. सामना तीनला सुरू होणार, पाचला संपणार, म्हणून संघदीप सामन्याची बातमी सामन्याच्या आधीच लिहून ठेवायचा. सगळेच वार्ताहर ठेवायचे. गोलांची जागा मोकळी, ती फोनवरून सांगायची. बाकी सगळं तयार: पाहुण्यांची नावं, आभार कोणी मानले, सामना अत्यंत खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला. अकरा वर्षं प्रत्येक सामना खेळीमेळीच्या वातावरणात पार पडत होता. कालची बातमी त्यानं काल सकाळी चहाबरोबर लिहिली होती. या स्पर्धेतला तो बघायला बसणार असलेला हा पहिलाच सामना. आधीचे चार त्यानं पाहिलेच नव्हते. कारण तीन आठवडे तो बाहेरून आलेल्या टीव्हीवाल्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून रस्ता दाखवत हिंडत होता, मारेगावकडे, बाभुळगावकडे, जिथं जिथं त्या वर्षी कापसानं माणसं नेली होती तिथं तिथं. त्यांना बोलणारी बाई पाहिजे होती आणि मागे उभं पीक पाहिजे होतं. कार्यालयानंही सांगितलं होतं, आता फक्त कापूस पाठवा, बाकी काही छापायला जागा नाही. तो कापूस पाठवत राहिला. जेतवन पहिली मॅच जिंकलं, दुसरी जिंकलं, तिसरी जिंकलं, सेमीफायनल जिंकलं, हे त्याला घरी आल्यावर शीलाकडून कळायचं.

मैदानाच्या एका अंगाला खरेदी केंद्राची रांग. कापसाच्या गाड्या दोन-दोन दिवस मोजणीसाठी उभ्या, आणि गाडीवान कापसावर चढून मॅच बघत होते. मध्यंतर. खेळाडू रेषेपाशी बसलेले, डावीकडे नवयुग, उजवीकडे जेतवन. किसनरावांचा मुलगा अमर लिंबाच्या फोडींचं ताट घेऊन आला. किसनराव स्पर्धेचे अध्यक्ष, मैदान त्यांचं, चषक त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ. नवयुगच्या पोरांपुढे अमर वाकला, ताट खाली धरलं, ज्यानं त्यानं आपली फोड उचलली. मग तो इकडे आला. इकडे तो वाकला नाही. ताट कमरेवर, डाव्या हातानं घट्ट, आणि उजव्या हातानं एकेक फोड वीतभर उंचीवरून खाली. पहिल्याच्या हातावर. दुसऱ्याच्या. तिसऱ्याच्या. आणि हात वर येत होते, हेच संघदीपला आत्ता दिसत होतं, हात आपोआप वर येत होते, दोन्ही, जुळून, खोलगट होऊन. मग धम्मदीप. त्यानं ओंजळ केली नाही. त्यानं ताटाकडे हात नेला. अमरनं ताट उचललं. धम्मदीपनं ताटाला खालून हात मारला. स्टीलचा आवाज झाला, फोडी मातीत गेल्या, आणि अमरनं त्याची जात काढली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग भिंतीवर बसलेला जेतवनचा सारा मोहल्ला एकदम मैदानात उतरला.

संघदीप मंडपात दुसऱ्या रांगेत बसला होता, मांडीवर कागद. त्यानं सगळं पाहिलं. ऐकलं. आणि त्याच्या मनात आलेली पहिली गोष्ट ही होती की आता गाडी चुकते. दुसरी आलीच नाही. चार वाजून सात मिनिटांनी तो स्टँडवर होता, सायकलच्या सीटवर कागद ठेवून, त्यानं 'खेळीमेळीच्या' वर आडवी रेघ मारली, नवा कागद घेतला, खाली कार्बन सरकवला, आणि हात लिहू लागला. हात. बांधावरून भाऊ भावावर कुऱ्हाड घेऊन धावला, नळावर दोघी झिंज्या धरून पडल्या, लग्नात बँडवाल्याला मारलं, अकरा वर्षं या हातानं ते सारं एकाच शब्दात बसवलं होतं. किरकोळ कारणावरून. हात तिथं पोचला आणि थांबला नाही. थांबायला पाहिजे होता. एक क्षण, पेनाची शाई वाळायला लागते तेवढा. लखीराम गाडीच्या दारातून ओरडत होता, "द्या नं पत्रकार भाऊ, का डायवरले झोपू देऊ?" आणि त्यानं लिफाफा दिला. हलकं वाटलं त्याला. गाडी सापडली म्हणून.

पण गाडीचं कारण हे सुद्धा, तो मोहल्ल्याच्या वळणावर थबकला, हे सुद्धा छापण्यापुरतं कारण होतं. गाडी नसती तर. दिवसभर वेळ असता तर काय लिहिलं असतं?

घरात शीला तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. खाटेवर त्याची आई, रुखमाबाई. तिला आता दिसायचं कमी, पण वास सगळे कळायचे.

"कायचा धूर होय रे तो?" रुखमाबाईनं विचारलं.

"पेपरचा," शीला म्हणाली. "पोरायनं पेपर जाळले स्टँडवर."

"कोणाचं काय चुकलं?"

संघदीप लोखंडी पेटीपाशी बसला, फाईल काढली, जानेवारीचा गठ्ठा सोडला. अठरा तारीख सगळ्यात वर होती. निळसर, थोडी पुसट, पण वाचता येत होती. किरकोळ हा शब्द तर फारच नीट उमटला होता. हातानं तिथं जोर दिला असावा.

"धम्मदीप सांगून गेला," शीला मागून म्हणाली. "यवतमाळवाल्यायनं बदललं म्हणे तुमचं."

"हं."

ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "मी वाचला पेपर. सुदैवानं लिहिलं आहे शेवटी."

त्यानं मान वर केली नाही.

"तो शब्द तुमचा होय. तुम्ही घरातबी म्हणता. लेकरू पडलं तं सुदैवानं दात नाही पडला. दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी कधी नाही ऐकला."

"मंग?"

"मंग काही नाही," ती म्हणाली, आणि सूप उचलून अंगणात गेली.

त्यानं कोरा कागद घेतला. दुसरा घेतला. मधे कार्बन. ते किती सोपं होतं याचंच त्याला नवल वाटलं. वरचा कागद फाडून टाकायचा, खालचा फाईलमध्ये लावायचा, अठरा तारखेचा. शाईसुद्धा तीच. कार्बनला वय नसतं. आणि त्यात तो खोटं काय लिहिणार होता? जे घडलं ते. पेटीत पडलेला कागद खरा होता आणि त्यात खोटं होतं, आता लिहायचा कागद खोटा असणार होता आणि त्यात खरं असणार होतं. यवतमाळला टेबलावर बसलेल्या एका माणसावर आळ जाईल, ज्याचं नाव त्याला माहीत नाही, ज्यानं काल अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याचा एकही शब्द कापला नाही. तेवढंच.

दिग्रस, ता. १८ (वार्ताहर) : मध्यंतरात नवयुगच्या खेळाडूंना ताटातून व जेतवनच्या खेळाडूंना वरून हातावर फोडी टाकण्यात आल्याने

टाकण्यात आल्याने. जसा पाऊस येतो तशा फोडी येतात. त्यानं कागद उलटा ठेवला, नवा घेतला.

दिग्रस, ता. १८ (वार्ताहर) : स्पर्धेचे अध्यक्ष किसनराव यांचे चिरंजीव अमर यांनी जेतवनच्या खेळाडूंना शिवू नये म्हणून लिंबाच्या फोडी वरून टाकल्या. कप्तान धम्मदीप यांनी यास हरकत घेताच अमर यांनी जातीवाचक

इथं हात थांबला. काल थांबायला पाहिजे होता तो आज थांबला. शिवू नये म्हणून. हे चार वर्षांच्या पोरालाही कळलं असतं आणि काल मंडपात तीनशे माणसांना कळलं होतं, पण कोणी ते शब्दांत ठेवलं नव्हतं, आणि त्यानं तर आयुष्यात कधीच ठेवलं नव्हतं. त्याचा बाप उकंडा याच जिनमध्ये कापूस लोटायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या, कानाच्या आत पांढरं, खोकला तर पांढराच असावा असं वाटायचं. संघदीप त्याची भाकर घेऊन जायचा. दुपारी सुट्टी झाली की मुनीम टिनाच्या मगानं पाणी ओतायचा, उंचावरून, आणि बाप त्याला शेजारी बसवून सांगायचा, ओंजळ घट्ट धर, बोटं मिटून घे, मनगटं जुळव, थेंब सांडला नाही पाहिजे. बाप हे एखादं कसब शिकवावं तसं शिकवायचा. आणि ते कसबच होतं. संघदीपच्या ओंजळीतून थेंब सांडत नसे आणि बाप मुनीमाला म्हणायचा, पाह्यलं का पोराचे हात? तो गोलकीपर तिथेच झाला असावा. छप्पन सालच्या दीक्षेनंतर घरातले देव गेले, जुने शब्द गेले, मुलांची नावं बदलली. ओंजळीबद्दल कोणाला काही सांगायचं सुचलं नाही. ती हातात राहून गेली.

उद्गार काढले. हा प्रकार आमच्या वार्ताहराने प्रत्यक्ष पाहिला. हा प्रकार आमच्या वार्ताहराने याआधीही पाहिला आहे. १९८५ च्या अंतिम सामन्यात आमचा वार्ताहर जेतवनचा गोलकीपर असताना मध्यंतरात फोड टाकणाऱ्याने ती मुद्दाम जरा लांब टाकली, व आमच्या वार्ताहराने बसल्या जागेवरून एका हाताने ती झेलली. त्यावर सर्व मैदान हसले. आमचा वार्ताहरही हसला. फोड त्याने खाल्ली. ती आंबट लागली नाही, असे त्याला चांगले आठवते. सुदैवाने

आता हे कोणाला दाखवणार? हा कागद तर त्या कागदापेक्षा वाईट झाला. त्यात सगळं होतं आणि तो कोणाच्याही टेबलावर ठेवता येत नव्हता. आणि तरी तो फाडवेना. बावीस वर्षांचा होता तो तेव्हा, कॉलेजात जात होता, भाषणं ऐकून टाळ्या वाजवत होता, आणि हसला होता. नाइलाजानं हसला असता तर गोष्ट वेगळी. त्याला आनंद झाला होता. झेल चांगला होता. काल मंडपात बसून पोरांचे हात वर येताना पाहिले तेव्हा जर त्यानं त्या गोष्टीला नाव दिलं असतं, तर एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या पोरालाही नाव द्यावं लागलं असतं. म्हणून किरकोळ. किरकोळच असली पाहिजे ती. नाहीतर तो स्वतः कोण?

त्यानं दोन्ही कागद, कालचा आणि आजचा, घडी करून सदऱ्याच्या खिशात घातले.

अकराला धम्मदीप आला. आंघोळ करून, धुतलेला पांढरा सदरा घालून. "भेटली का कॉपी?"

"नाही सापडून राह्यली," संघदीप म्हणाला. "कुठं गेली कोणास ठाऊक."

शीला चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं नाही. धम्मदीपचा चेहरा क्षणभर पडला आणि मग त्यानं तो स्वतःच उचलला.

"जाऊ द्या. कागद नसला तं नसला. तुम्ही स्वतः चला. तुम्ही म्हणलं की मी असं नाही लिहिलं, मंग कोणाची हिंमत आहे? कागदापेक्षा तुमचा शब्द मोठा आहे, काका."

"जाय बापा," खाटेवरून रुखमाबाई म्हणाली. "पोराच्या संगं जाय."

जिनच्या कार्यालयात लांब टेबल होतं. जिन त्या वर्षी निम्मे दिवस बंदच असायचं आणि आज यंत्राचा आवाज नव्हता, त्यामुळे प्रत्येकाची खुर्ची सरकल्याचं ऐकू येत होतं. टेबलामागे किसनराव आणि समितीचे चौघे, कोपऱ्यात मोबाइलशी चाळा करत अमर. जेतवनची पोरं भिंतीशी उभी राहिली. किसनराव त्यांना बसा म्हणाले, खरोखर प्रेमानं म्हणाले, आणि खुर्च्या तेवढ्या नव्हत्या.

"हे पाहा," किसनराव म्हणाले, "मले कोणावर राग नाही. माझ्या बापाच्या आठवणीचा कप होय, त्याची फायनल पाण्यात गेली, तरी मी कोणाले शिवी दिली नाही. पण बाहेर काय दिसून राह्यलं, हे पाहाव लागते. जिल्ह्यात वाचलं लोकायनं." त्यांनी पेपरवर बोट ठेवलं. "किरकोळ कारणावरून. हे मी नाही म्हणत."

"अमरनं वरून टाकली फोड," धम्मदीप म्हणाला. "आन जात काढली."

"मी नाही टाकली वरून," अमर कोपऱ्यातून म्हणाला. "गर्दी होती. ताट कसं वाकवणार?"

"नवयुगसमोर वाकला नं?"

"थांबा," किसनराव म्हणाले. "तुम्ही एक म्हणता, हा एक म्हणते. मंग तिसरा पाहिजे का नाही? तिसरा हा होय. आन हा काही माझा माणूस नाही, तुमच्याच मोहल्ल्यातला होय, तुमचा सख्खा काका." ते संघदीपकडे पाहून हसले. "पत्रकार साहेबानं लिहिलं."

"काकानं असं नाही लिहिलं," धम्मदीप म्हणाला. "यवतमाळले बदललं. काका उभा आहे समोर, विचारा."

सगळे वळले. संघदीपचा हात खिशाशी गेला. दोन घड्या बोटांना लागल्या, एक मऊ, एक कडक. कडक घडी काढायची, उलगडायची, पहिल्या चार ओळी वाचायच्या आणि पुन्हा खिशात ठेवायची. कोणी हातातून ओढून घेणार नव्हतं. किंवा काहीच काढायचं नाही, नुसतं हो म्हणायचं. धम्मदीप त्याच्याकडे पाहत होता. तो चेहरा इतका निर्धास्त होता की संघदीपला त्याच्याकडे पाहवेना. असं आपल्याकडे कोणी पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि आता एका वाक्यानं ते पाहणं कायमचं आपलं होईल किंवा जाईल, हे त्याला कळत होतं.

"मीच लिहिलं," तो म्हणाला. "जसं लिहिलं तसंच छापलं. त्यायनं एकही शब्द बदलला नाही."

अमरनं मोबाइलवरून मान वर केली.

"पण फोड वरून टाकली," संघदीप म्हणाला. "तिकडे ताट खाली आन आमच्या पोरायले वरून. जातबी काढली. मी पाह्यलं, मी ऐकलं. ते मी लिहिलं नाही. ते लिहाव लागत होतं."

"मंग काहून नाही लिहिलं?" किसनरावांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्यांना जाणूनच घ्यायचं असावं. मग उत्तरही त्यांनीच दिलं. "कारण त्यात लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून. आता पोरायसमोर बोलाव लागते, तो भाग वेगळा. अरे संघदीप, पंच्याऐंशीच्या फायनलले ताट माझ्या हातात होतं. तुले दिली होती मी फोड, लांबून. तू एका हातानं झेलली. आठवते?"

"आठवते."

"राग आलता तुले?"

पोरं भिंतीशी उभी होती. कोणाचा तरी बूट फरशीवर घासला.

"नाही," संघदीप म्हणाला.

"हासला होता का नाही तू?"

"हाव. हासलो होतो."

किसनरावांनी हात पसरले. पुढे जे झालं ते पाच मिनिटांत झालं. समितीतला एक जण दोन वर्षं म्हणाला, दुसरा तीन. तीन ठरलं. अमरनं पोरांची माफी मागावी का, असं कोणीतरी पुटपुटलं, आणि किसनराव म्हणाले, त्यात काय एवढं, पाहू नंतर.

बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. पोरं एकेक करून निघाली. कोणी संघदीपला काही बोललं नाही, कोणी थुंकलं नाही, त्यानं अंग आवळून ठेवलं होतं ते फुकट गेलं. धम्मदीप मागे राहिला. त्याच्या सायकलची चेन उतरली होती, तो उकिडवा बसून ती बसवत होता. संघदीप त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला. सदऱ्यावर काळं लागेल असं सांगावंसं वाटलं आणि सांगितलं नाही.

"चार मॅच वरूनच टाकली त्यायनं," धम्मदीप चेनकडे पाहत म्हणाला.

"काय?"

"पह्यल्या मॅचपासून. हरेक हाफटाइमले. आम्ही खाल्ली." चेनचा एक दात चुकला, त्यानं पेडल उलटं फिरवलं. "मीबी खाल्ली, काका. कोणी काही बोललं नाही. बोलून काय होते, आपलं कोण लिहिते, असं वाटे. तुम्ही तिकडे मारेगावले होते. फायनलले शीलाकाकूनं सांगतलं का काका येऊन राह्यला. मंडपात दिसले तुम्ही मले, मांडीवर कागद. तवा ठरवलं म्या. आज नाही घ्यायची. आज काका आहे, काका लिहीन."

चेन बसली. त्यानं हात मातीला पुसले, मग पॅन्टला पुसले, सायकल सरळ केली आणि निघून गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता. संघदीप तो शोधत होता, निदान राग तरी, आणि तो नव्हता.

रस्त्याच्या कडेनं कापसाच्या गाड्या मोजणीसाठी उभ्या होत्या. अगदी जवळच्या गाडीवर एक म्हातारा गाडीवान रुमाल बांधून बसला होता. कालची मॅच त्यानंही पाहिली असावी.

"काय झालं हो भाऊ मीटिंगमंदी?" त्यानं विचारलं.

संघदीप त्याच्याकडे वळला. सांगायचं होतं. पण कुठून, कालच्या फोडीपासून, पहिल्या मॅचपासून, पंच्याऐंशीपासून, मुनीमाच्या मगापासून? म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरंच ऐकायची ओढ होती. संघदीपनं तोंड उघडलं. तेवढ्यात पुढून कोणीतरी हाळी दिली, रांग सरकली, म्हाताऱ्यानं बैलांना च्चक केलं आणि गाडी कुरकुरत एक जागा पुढे गेली. मागची गाडी तिच्या जागी येऊन थांबली. तिच्यावरचा माणूस कापसात झोपलेला होता.